मोरी नसलेला वाडा

माझ्या भाचीला माझा टाइपरायटर हवा आहे. वापरायला नव्हे, फोटोत ठेवायला. तिचं लग्न ठरलंय, लग्नाआधीचे फोटो काढायचेत आणि फोटोग्राफरने जी 'थीम' सुचवली तिचं नाव रेट्रो. रेट्रो म्हणजे मुलीने ठिपक्यांचा फ्रॉक घालायचा, डोक्याला रुमाल बांधायचा, मुलाने पँटला सस्पेंडर्स लावायचे आणि दोघांनी भाड्याने आणलेल्या जुन्या स्कूटरवर बसायचं. तो पुढे, ती मागे. ही मुलगी स्वतःच्या गाडीने द्रुतगती मार्गावरून पुण्याला जाते, तेव्हा होणारा नवरा शेजारच्या सीटवर तोंड उघडं टाकून झोपलेला असतो. "मग स्कूटरवर तूच पुढे बस की," मी म्हटलं. "आत्या, मग ते रेट्रो वाटणार नाही ना!"

पोरगी खरं बोलली. बाई मागे बसल्याशिवाय काळ जुना दिसत नाही.

माझं तोंड वाकडं झालेलं पाहून तिने एका रविवारी मला लॅपटॉपपुढे बसवलं. रेट्रोसुद्धा बायकांच्या बाजूचं असू शकतं, हे मला पटवायचं होतं. सिनेमा 'डाऊन विथ लव्ह', २००३चा. दिग्दर्शक पेटन रीड, नायिका रेने झेलवेगर, नायक युअन मॅकग्रेगर. गोष्ट १९६२च्या न्यूयॉर्कमधली. सुरुवातीलाच कंपनीची जुनी पाटी, मग रंगवलेलं आकाश, मोटारीच्या काचेमागे पडद्यावर धावणारे रस्ते, कोटाला जुळणारी टोपी आणि टोपीला जुळणारं घर. मी चिवड्याची वाटी घेऊन बसले होते. पहिला तासभर मनापासून हसले, हे आधीच कबूल करून टाकते. कारागिरीत खोट काढायला जागा नाही. डोरिस डे आणि रॉक हडसन यांनी १९५९ ते १९६४ या काळात तीन सिनेमे एकत्र केले, त्या जातकुळीची ही हुबेहूब नक्कल. त्या तिन्ही सिनेमांत असलेल्या टोनी रँडलला इथे म्हातारा प्रकाशक म्हणून आणलाय. जाणकारांना गुदगुल्या होतात.

गोष्ट अशी. बार्बरा नोव्हाक नावाची बाई एक पुस्तक लिहिते. बायकांनी प्रेमाच्या नादी लागू नये, नोकरीत वर चढावं, शरीराची भूक पुरुष भागवतात तशी बिनघोर भागवावी आणि तोवर जीव फारच कासावीस झाला तर चॉकलेट खावं. पुस्तक तुफान खपतं. कॅचर ब्लॉक हा एका बड्या मासिकाचा गाजलेला लेखक, रोज नवी मैत्रीण. तो तिची मुलाखत घ्यायचं कबूल करून पुन्हा पुन्हा टांग मारतो. मग ती टीव्हीवर त्याचं नाव घेऊन त्याची हजामत करते. चिडून तो झिप मार्टिन नावाचा भोळा, चष्मेवाला अंतराळवीर बनतो. तिला प्रेमात पाडायचं, तिच्या तोंडून 'मी तुझ्यावर प्रेम करते' एवढं वदवून घ्यायचं आणि ते छापून तिला तोंडघशी पाडायचं, असा बेत. खोलीत टेपरेकॉर्डरही लावून ठेवतो.

टेपवर भलतंच बोलणं येतं. बार्बरा एका जागी उभी राहते, कॅमेरा हलत नाही, मध्ये कुठे कात्री नाही, आणि जवळजवळ तीन मिनिटं ती बोलत राहते. ती बार्बरा नोव्हाक नाहीच. ती नॅन्सी ब्राउन, एके काळची त्याची सेक्रेटरी. त्याच्या प्रेमात पडली होती, पण बाकीच्या पोरींच्या रांगेत तिला उभं राहायचं नव्हतं. म्हणून तिने केस रंगवले, नाव बदललं, पुस्तक लिहिलं. तो मुलाखत टाळेल हे हेरून ठेवलं, चिडेल हे हेरलं, सोंग घेऊन येईल हेही हेरलं. हा सगळा खटाटोप कशासाठी? त्याने आपल्याला मागणी घालावी म्हणून.

झेलवेगरबाईंनी ते एका दमात केलंय, टाळ्याच वाजवाव्यात असं. भाचीने वाजवल्या. मी चिवड्याची वाटी खाली ठेवली.

हरतालिकेच्या गोष्टीत पार्वतीला नवरा हवा असतो, ती रानात जाऊन उपास करते. उघड करते, सखीला सोबत घेऊन करते. इथे बाईने बेस्टसेलर लिहून हरतालिका केली आणि आम्ही तिला स्त्रीमुक्ती समजून तासभर टाळ्या पिटत होतो. पहिल्या तासात ही बाई महत्त्वाकांक्षी होती, तल्लख होती, स्वतःचे पैसे कमवत होती, तिला भूक होती आणि ती लपवत नव्हती. तीन मिनिटांनंतर यातलं एकही तिचं स्वतःचं उरत नाही. पुस्तक त्याच्यासाठी, केस त्याच्यासाठी, टीव्हीवरचा दणका त्याच्यासाठी. जिने अख्खं शहर बुद्धिबळाच्या पटासारखं मांडलं तिला बक्षीस काय हवं, तर रोज समोर बसलेल्या सेक्रेटरीचा चेहराही ज्याच्या लक्षात राहिला नाही तो माणूस.

दोघांच्या लबाड्या शेजारी ठेवून बघा. कॅचर खोटं नाव सांगतो, खोटा धंदा सांगतो, एका बाईला बिछान्यापर्यंत न्यायचा आणि मग जगासमोर उघडी पाडायचा बेत करतो. त्याला कुणी विचारत नाही, बाबा रे, तू असा का झालास? पुरुषाची लबाडी हा विनोदाचा कच्चा माल आहे, ती असायचीच. बार्बराने तीच लबाडी केली तर तिला तीन मिनिटं उभं राहून जबानी द्यावी लागते, आणि जबानीत 'माझं प्रेम होतं' असं निघालं की मगच ती सुटते. नुसती धूर्त, नुसती पैशाची किंवा नावाची भुकेली निघाली असती, तर एवढ्या गुलाबी थाटात तिचा सिनेमा कुणी केला असता?

सिनेमाची बाजू घेणारे म्हणतात, अहो, ही तर टिंगल आहे, त्या काळाच्या पुरुषीपणाची. आणि पुढे ती त्याला नाकारतेच की! हो, नाकारते. खोटेपणाने लिहिलेलं पुस्तक आपल्याला खरंच लागू पडलंय असं तिच्या ध्यानात येतं. ती स्वतःचं मासिक काढते, त्याच्या मासिकाच्या इंग्रजी नावातलं पहिलं अक्षर उडवून केलेलं 'नाऊ'. सिनेमा इथे संपता तर मी दारावर तोरण लावलं असतं. पण तो नोकरी मागायला येतो, मी सुधारलो म्हणतो, आणि मग दोघं लास व्हेगासला लग्न करायला उडतात. मला लग्नाचं वावडं नाही, माझं स्वतःचं बत्तीस वर्षं चाललंय. माझा राग त्या टिंगलीवर आहे. टिंगल कुणाची केली? १९६२च्या साहेबांची. ते बिचारे एव्हाना थडग्यात. त्यांचा नुसता आकार काढायचा, त्यावर काठी हाणायची आणि आपण किती पुढे आलो म्हणून प्रेक्षकांनी एकमेकांना टाळ्या द्यायच्या. साप म्हणून भुई धोपटणं म्हणतात याला.

आमच्याकडे हल्ली जुना वाडा विकत घेऊन त्याचं हॉटेल करतात. तुळशीवृंदावन ठेवतात, झोपाळा ठेवतात, पितळी घंगाळात झेंडूची फुलं तरंगत ठेवतात. मोरी मात्र काढतात. जिथे बाईने पहाटेपासून रात्रीपर्यंत गुडघे पोटाशी घेऊन खरकटी भांडी घासली ती काळोखी, ओली जागा गिऱ्हाइकाला बघवत नाही. महिन्याचे चार दिवस जिथे ती कोपऱ्यात बसायची त्या पडवीत आता मालिश करून मिळतं. रेट्रो सिनेमाचं तंत्र हेच. १९६२चे फ्रॉक ठेवले, १९६२चे कायदे काढले. त्या सालात न्यूयॉर्कच्या मोठमोठ्या वर्तमानपत्रांत नोकरीच्या जाहिरातींचे रकाने वेगळे छापत, 'पुरुष हवेत' आणि 'स्त्रिया हव्यात'. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ती वाटणी मोडली १९६८ साली. बाई म्हणून बँकेने उधारी नाकारायला अमेरिकेत कायद्याची आडकाठी आली १९७४मध्ये. तोवर बार्बरा नोव्हाकने कितीही प्रती खपवल्या असत्या तरी कर्ज मागायला गेल्यावर बँकेतल्या माणसाने सही करायला नवरा कुठाय म्हणून विचारलं असतं. गर्भनिरोधक गोळीला सरकारी परवानगी १९६०ची. पण न्यूयॉर्कला लागूनच असलेल्या कनेटिकट राज्यात नवराबायकोने गर्भनिरोधक वापरणंसुद्धा १९६५पर्यंत गुन्हा होता. बार्बराच्या बिनघोर भुकेचा सगळा डोलारा त्या गोळीवर उभा, आणि सिनेमात चॉकलेटचा थाट बघा.

(जाता जाता: आपल्या र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं. स्त्रीलाही कामसुख हवं असतं हे 'समाजस्वास्थ्य'मध्ये ते १९२७पासून छापत होते, त्यापायी खटले अंगावर घेत होते, आणि त्यातल्या एकात त्यांची वकिली डॉ. आंबेडकरांनी केली. त्यांच्यावर कुणी गुलाबी सिनेमा काढला नाही. काढू नयेच.)

त्या १९६२ साली खरोखरची एक मुलगी न्यूयॉर्कच्या खरोखरच्या मासिकात नोकरी मागायला गेली होती. मासिक 'न्यूजवीक', मुलगी नोरा एफ्रॉन. मला लेखक व्हायचंय म्हणाली. इथे बायका लिहीत नाहीत, असं तिला सांगण्यात आलं, आणि टपाल वाटायच्या कामावर घेतलं. ही हकीकत तिने स्वतःच पुढे लिहिली आहे. तिथे पुरुष लिहीत आणि बायका त्यांच्यासाठी माहिती गोळा करून तपासून देत. १९७० साली त्या मासिकाने स्त्रियांच्या बंडावर मुखपृष्ठकथा केली आणि ती लिहायला बाहेरून बाई आणली, कारण पदरी असलेल्या बायका त्या लायकीच्या वाटल्या नाहीत. अंक बाहेर पडला त्याच दिवशी आतल्या ४६ जणींनी मासिकाविरुद्ध तक्रार गुदरली. कुणी केस रंगवले नाहीत, कुणी सोंग घेतलं नाही. सरळ वकील गाठला, तीही बाईच, एलेनॉर होम्स नॉर्टन. माझ्या मते गेल्या साठ वर्षांतल्या विनोदी कथानकांत हे सर्वांत चांगलं आहे, पण त्यात शेवटी लग्न नाही.

नोरा एफ्रॉन तोवर तिथून निघून गेली होती. पुढे 'व्हेन हॅरी मेट सॅली' तिने लिहिला, 'स्लीपलेस इन सिअ‍ॅटल' केला. मग १९९८ साली 'यू हॅव गॉट मेल'. त्यात एक धनाढ्य पुस्तकदुकानवाला एका बाईचं आईकडून आलेलं छोटं दुकान बुडवतो. आपण जिला रोज नाव लपवून ई-मेल लिहितो ती हीच, हे त्याला अर्ध्या वाटेतच कळतं. तिला मात्र शेवटपर्यंत नाही. तो तिला खेळवत राहतो, आणि शेवटी ती डोळ्यांत पाणी आणून म्हणते की तो तूच असावास अशी माझी फार इच्छा होती. पुन्हा कॅचर ब्लॉकच. आणि यावेळी लिहिणारी कोण, तर जिला 'बायका लिहीत नाहीत' म्हणून टपाल वाटायला लावलं होतं ती. धंद्याचे कायदे माणसाच्या अनुभवाहून जबर असतात, याचं मला फार वाईट वाटतं; आणि तो सिनेमा मी चार वेळा पाहिलाय, याचं त्याहून.

'डाऊन विथ लव्ह'मध्ये एक प्रसंग आहे. बार्बराचं पुस्तक जिने निवडलं ती संपादिका, व्हिकी, प्रकाशनाच्या बैठकीला बसलेली असते आणि टेबलाभोवतीचे सगळे पुरुष तिला कॉफीचं बघायला सांगतात. प्रेक्षक हसतात. मीही हसले असते, पण मला वास आला. आलं घातलेल्या चहाचा.

१९८७ साली मी एका साप्ताहिकात उपसंपादक म्हणून लागले. सोमवारी बैठक. माझ्यासोबत त्याच महिन्यात लागलेला एक मुलगा होता, काना-मात्रा जुळवताना त्याची दमछाक व्हायची. बैठक सुरू झाली की संपादक चष्म्यावरून माझ्याकडे बघत, "ताई, चहाचं तेवढं सांगता का?" सांगणं म्हणजे दोन जिने उतरून टपरीवर जाणं. मी परत येईपर्यंत अंकातले मोठे विषय वाटून झालेले असायचे आणि मला उरायचं मेंदीचं डिझाइन. त्या मुलाला माझ्यापेक्षा दोनशे रुपये जास्त होते, कारण त्याला 'घर चालवायचं होतं'. माझं घर बहुधा वाऱ्यावर चालत असावं. वाचकांच्या नाजूक प्रश्नांना उत्तरं देणारं आमचं लोकप्रिय सदर एका 'ताई'च्या नावाने निघायचं. ते लिहायचे पन्नाशीचे, केसांना कलप लावणारे एक गृहस्थ. नवऱ्याने हात उगारला तर त्या ताई नेहमी धीराने घ्या म्हणून सांगायच्या.

गिरण्यांचा संप मोडून काही वर्षं झाली होती. मी लालबाग-परळच्या चाळींतून फिरून गिरणी कामगारांच्या बायकांवर लिहिलं. खानावळी चालवणाऱ्या, पापड लाटणाऱ्या, दागिने मोडून झाल्यावर भांडी मोडायला काढणाऱ्या. सहा आठवडे लागले. छापून आलं तेव्हा वर नाव होतं 'आमच्या प्रतिनिधीकडून'. मी विचारलं, तर संपादक म्हणाले, इतका दणदणीत लेख बाईच्या नावाने गेला तर वाचकांना खरा वाटणार नाही. चांगुलपणाने म्हणाले, हे मुद्दाम सांगते. त्यांना ते कौतुक वाटत होतं. पुढे कचेरीत संगणक आले, जुने टाइपरायटर भंगारात निघाले, तेव्हा माझा मी वजनाच्या भावाने घेऊन घरी आणला. भाचीला तो 'क्यूट' वाटतो.

मला बार्बराचा राग येतो तो यासाठी. सेक्रेटरी असताना रोज कॅचरच्या दाराबाहेर बसून त्याच्या मैत्रिणींचे निरोप घेणारी नॅन्सी ब्राउन, ही त्या सिनेमातली एकमेव खरी बाई आहे आणि ती आपल्याला कधी दिसतच नाही. तिचं सगळं आयुष्य तीन मिनिटांच्या बोलण्यात गुंडाळून ठेवलंय. आणि ज्या जुन्या सिनेमांची ही नक्कल आहे त्यांच्यामागे तर एक खरीच सेक्रेटरी होती.

तिचं नाव फिलिस गेट्स. रॉक हडसनच्या एजंटच्या, हेन्री विल्सनच्या, कचेरीत ती कामाला होती. हडसनला पुरुष आवडत. हे धंद्यातल्या पुष्कळांना ठाऊक होतं आणि बाहेर फुटलं असतं तर नट आणि त्याच्यावर लावलेला पैसा दोन्ही बुडाले असते. १९५५ साली त्याचं लग्न झालं ते या एजंटच्या सेक्रेटरीशी. १९५८मध्ये घटस्फोट. गेट्सबाईंनी १९८७ साली आत्मकथन लिहिलं आणि आपण प्रेमानेच लग्न केलं होतं यावर त्या ठाम राहिल्या. घटस्फोटाच्या दुसऱ्याच वर्षी हडसनचा 'पिलो टॉक' आला. पटकथेला ऑस्कर मिळालं. त्यात तो बायकांना गटवणारा संगीतकार. एकाच टेलिफोन लाइनवर डोरिस डेशी त्याचं रोज भांडण. प्रत्यक्ष भेटल्यावर टेक्सासचा भोळा शेतकरी बनून तिला फसवतो. तिने आपणहून जवळ यावं म्हणून तो शेतकरी 'तसला' असावा असा संशयही तिच्या मनात सोडतो, आईच्या गोष्टी सांगून, पाककृती विचारून. म्हणजे पुरुष आवडणारा माणूस बाईबाज पुरुषाचं सोंग करतोय, आणि तो बाईबाज पुरुष आवडणाऱ्याचं. सोंगावर सोंग, त्यावर आणखी सोंग. १९८५ साली एड्सने मरताना त्याला ते उतरवावं लागलं. कॅचर ब्लॉकचा पुरुषीपणा ज्या साच्यातून काढलाय तो साचाच मुळात भाड्याचा होता. 'डाऊन विथ लव्ह'ला हे पुरतं ठाऊक आहे. तो त्यावर डोळे मिचकावतो. फिलिस गेट्सच्या वाट्याला तेवढंही नाही.

'पिलो टॉक'च्या शेवटी डोरिस डे त्याच्यावर सूड म्हणून त्याचं घर ओकारी येईल असं सजवते, आणि तो चिडून तिच्या घरात घुसतो, तिला पायजम्यातच उचलतो आणि रस्त्यातून नेतो. वाटेत पोलीस दिसतो, ती मदत मागते, त्याला काही वाटत नाही. आजच्या पोरांना दाखवा, म्हणतील बाप रे. पण मी या सिनेमाला नव्या सिनेमापेक्षा एक गुण जास्त देते. ती डोरिस डे सजावटकार होती ती सजावटकारच होती. तिची नोकरी, तिचं घर, तिचा जिभेचा पट्टा, हे कुणाला पटवायला रचलेलं नव्हतं. बाईला पकडायला पुरुषाला तरी धावावं लागत होतं.

पडद्याबाहेर मात्र तिलाही मोरी होती. १९६०, १९६२, १९६३, १९६४, ही चार वर्षं अमेरिकेत तिकीटबारीवर पहिल्या क्रमांकाचं नाव डोरिस डेचं होतं. सगळे नट तिच्या मागे. पैसे बघत होता तिसरा नवरा, मार्टी मेल्चर. 'पिलो टॉक'च्या निर्मात्यांत तोही होता. १९६८ साली तो अचानक गेला आणि बाईंना कळलं की कमावलेलं सगळं संपलंय, वर कर्ज आहे, आणि नवऱ्याने तिला न विचारता एका टीव्ही मालिकेचा करार करून ठेवलाय. तिने ती मालिका पाच वर्षं केली. नवऱ्याच्या भरवशाच्या वकिलावर दावा लावला आणि १९७४ साली न्यायालयाने दोन कोटी डॉलरहून जास्त रकमेचा निकाल तिच्या बाजूने दिला. पडद्यावर स्वतंत्र बाईचं दुसरं नाव असलेल्या या बाईच्या घरी धनादेशावर सही कोण करत होतं, यावर कुणी रेट्रो विनोद काढावा. मी तिकीट काढून बघेन.

आता कुणी म्हणेल, अमेरिकेचं उणं कशाला काढता? बरं, घरचं काढते. गुरुदत्तचा 'मिस्टर अँड मिसेस ५५'. हाही विनोदी, हाही देखणा, यातली व्यंगचित्रं आर. के. लक्ष्मणच्या हातची. मुंबईची गोष्ट. मधुबालाला वडिलांच्या मृत्युपत्रापायी लग्न करणं भाग आहे. तिची आत्या सीतादेवी एका बेकार व्यंगचित्रकाराला पैसे देऊन कागदोपत्री नवरा करते, नंतर घटस्फोट घ्यायच्या बोलीवर. सीतादेवी स्त्रियांच्या हक्कांसाठी भांडणारी. म्हणून ती हुकूमशहा, म्हणून ती हास्यास्पद. हिंदू विवाह कायदा लागू झाला मे १९५५मध्ये. हिंदू कोड बिल रखडवलं म्हणून आंबेडकर १९५१ साली मंत्रिपदावरून उठून गेले होते. देशभरच्या हिंदू बाईला नको असलेल्या संसारातून सुटायची वाट पहिल्यांदा मिळाली त्याच वर्षी आपल्या सर्वांत तरल दिग्दर्शकाने सिनेमा काढला तो ती वाट कशी वेडगळ आहे हे सांगणारा. त्यात मधुबालाला शहाणं करायला एका गरीब संसारी भावजयीकडे नेतात. नवरा कधीमधी मारतो, पण प्रेमही करतो, असं ती भावजय हसतमुखाने सांगते आणि नायिकेचे डोळे उघडतात. आमच्या साप्ताहिकातल्या कलपवाल्या ताईंचा सल्ला आणि हा, दोन्ही एकाच टाकाने लिहिलेले.

सीतादेवी झाल्या होत्या आपल्या येवल्याच्या ललिता पवार. १९४२च्या सुमारास एका चित्रीकरणात सहकलाकाराची थप्पड जरा जास्तच जोरात बसली आणि त्यांचा चेहरा लुळा पडला, एक डोळा कायमचा बारीक झाला. नायिकेच्या भूमिका गेल्या. मग त्या बारीक डोळ्याच्या बळावर त्यांना खाष्ट सासवा आणि दुष्ट आत्या मिळत गेल्या. थप्पड खाल्लेल्या चेहऱ्याने, थप्पड हा संसाराचा भाग मानणाऱ्या सिनेमात, थप्पड नको म्हणणाऱ्या बाईचं विडंबन. एवढं कडू मलाही रचता आलं नसतं.

हे सगळं मी भाचीला ऐकवलं. ती शांतपणे ऐकून घेते, हा तिचा दोष आहे. मग म्हणाली, "आत्या, पण आम्हाला फक्त फोटो काढायचेत." मग मी मुकाट्याने टाइपरायटर दिला. खोक्यातून काढून पुसला, फीत वाळून खडखडीत झालीये हेही सांगितलं. "चालेल, टाइप थोडंच करायचंय!"

फोटो परवा आले. स्कूटरवरचा आहे. टाइपरायटरचाही आहे, फोटोग्राफरनेच सुचवलेला. ती टेबलाशी बसून टाइप करते आहे, पाठ ताठ, नखांना लाल रंग. जावई मागे उभे राहून, एक हात खुर्चीच्या पाठीवर टाकून, तिला काहीतरी लिहून घ्यायला सांगताहेत. दोघंही हसताहेत, आणि फोटो सुंदर आहे, हे मला नाकारता येत नाही.

काल ती यंत्र परत करून गेली. रुळात कागद तसाच होता. तिला कळफलक येत नाही, त्यामुळे एकच अक्षर पाच-सहा वेळा उमटलं होतं, शेजारी शेजारी. फीत वाळलेली. उजेडात धरून बघितलं तरी 'व' आहे की 'ब' ते मला लागेना.